रोटाच्या गव्हाची पावती

शुक्रवारी दुपारी लिंबायतमध्ये खाडीचे पाणी चढले आणि रुक्मिणीच्या पिठाच्या गिरणीत शिरले. कामावरच्या नितीनने गव्हाबाजरीची पोती आणि लोकांचे डबे भराभर माळ्यावर चढवले. मोटर उंच ओट्यावरच होती. संध्याकाळी पाणी ओसरले तेव्हा एक डबा सोडून सगळे कोरडे होते. तो डबा प्रमिलाबाईंचा होता, रोटाच्या गव्हाचा.

रविवारी कानबाई बसणार होती. खानदेशी घरांत त्या दिवशी देवीला रोटांचा नैवेद्य असतो. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. तो इतर धान्यात मिसळत नाहीत आणि आंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. आदल्या दिवशी रुक्मिणी गिरणी धुऊन फक्त रोटांचे दळण करत असे. प्रमिलाबाईंनी गर्दी टाळायला डबा लवकर आणून दिला होता. तो खाली, वेगळ्या पाटावर ठेवलेला होता.

शनिवारी सकाळी प्रमिलाबाई आल्या. डब्यात फुगलेला, काळपट गहू होता.

"माय वं! आते कसं करू मी?"

रुक्मिणीने पावती उलटी करून दाखवली. गेल्या वर्षीच्या पुरानंतर दोन गिऱ्हाइकांशी भांडण झाले होते. तेव्हा एका ट्रान्सपोर्टच्या पावतीवरचा मजकूर तिने उतरवून आपल्या पावत्यांच्या मागे छापून घेतला होता. पूर, आग, दंगल किंवा हाताबाहेरच्या कारणाने माल खराब झाल्यास गिरणी जबाबदार नाही. शक्य असल्यास तेवढ्याच वजनाचे धान्य दिले जाईल.

"माझ्या घरचा गहू देते मावशी. चांगला आहे."

"तुझ्या घरचा गहू आमच्या भाऊबंदांच्या रोटाला? वजनावर चालतं का ते?"

"मग मी तरी काय करणार? पूर माझ्या हातात होता का?"

नितीन ओला झाडू घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, "डबा हाताशीच होता. पण मी सकाळपासून पिठात. आंघोळ नव्हती. म्हणून नाही शिवलो."

रुक्मिणीने त्याच्याकडे रागाने पाहिले.

"ऐकलंस?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "बाजरीचं पोतं माळ्यावर आणि देवीचा गहू पाण्यात. आणि म्हणे हाताबाहेरचं कारण! छापायला पैसे पडले असतील ना?"

रुक्मिणी म्हणाली, "खरं सांगा मावशी. त्याने तसाच उचलला असता, तर दळून नेला असता?"

प्रमिलाबाईंनी डब्यात हात घातला, मूठभर गहू काढला आणि परत टाकला.

"नसता नेला. वर तुलाच बोलले असते."

"मग?"

"मग काय मग! कणगीत गावचा गहू आहे अजून. भेस्तानहून दीर येऊन बसलेत, पोरं घरी आहेत. परत मोजते. पण दुपारपर्यंत गिरणी दुसऱ्या धान्याला लावू नको."

"नाही लावत."

त्या गेल्यावर रुक्मिणीने पुन्हा दगड धुतले. नितीन घरी जाऊन आंघोळ करून आला. बाराच्या सुमारास प्रमिलाबाई नवा डबा घेऊन परतल्या, तेव्हा आणखी चार बाया रोटाचे डबे घेऊन बसल्या होत्या. बाहेर पुन्हा पाऊस लागला होता.

रुक्मिणीने पुस्तकातून नव्या डब्याची पावती फाडून दिली. प्रमिलाबाईंनी ती उलटी केली.

"याच्याखाली लिही. पाणी आलं तर डबा कुणीही उचलावा. आंघोळ असो नसो."

"आणि देवीला चालेल?"

"तिला मी सांगते. तू लिही."

रुक्मिणीने लिहिले. प्रमिलाबाईंनी खाली सही केली आणि पेन पुढे केला.

"तूही कर. मी एकटीच कशाला?"

रुक्मिणीने सही केली. बाकड्यावरच्या दोघींनी आपल्याही पावत्या पुढे केल्या. तिसरी म्हणाली, घरी विचारून येते.

कोपऱ्यातल्या मालतीबाई म्हणाल्या, "माझ्यावर नको लिहू." त्यांनी आपला डबा उचलून मांडीवर घेतला आणि नंबर येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.