मागचं वजन

छगनभाईंनी आयुष्यात दोनच गोष्टी चालवल्या होत्या, ट्रॅक्टर आणि घर. त्यातलं घर खरं तर मीनाबाई चालवायच्या, पण हे त्यांना गावात कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी गोष्ट अलीकडची, वल्ह्यांची नाव. बंधाऱ्यामुळे तापी फुगली, तेव्हा ट्रॉल्या बनवणाऱ्या भावेशकडून त्यांनी ती पत्र्याची, सपाट तळाची करून घेतली. शांत पाण्यात ती गुणी होती. दुपारचा वारा सुटला की मात्र लाटांवर नाक आपटत सुटायची. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुढच्या टोकाला बसलेल्या मीनाबाई पलीकडच्या काठावर माहेरी पोचल्या त्या चिंब होऊन. भावजयीनं विचारलं, पोहत आल्या का?

"आवंदा मी ओली झाली ना," मीनाबाईंनी बजावलं, "तर तुमनी नाव म्हशीसले पाणी पेवाले ठी दिसू."

नावेची म्हशींसाठी कुंडी होणं छगनभाईंना परवडणारं नव्हतं. ती नाव त्यांची एकुलती एक हौस होती.

ट्रॅक्टरचं नाक उचललं की पुढे लोखंडी वजनं लावायची, हे त्यांना पाठ होतं. नावेचंही नाकच उचलतं, म्हणजे रोग तोच. त्यांनी पुढे दोन वजनं ठेवली. नाक लाटेत घुसलं, छगनभाई भिजले. मग त्यांनी आणखी दोन ठेवली. भावेशनं पुढच्या टोकाला वाकवलेला पत्रा जोडला आणि त्याला मडगार्ड म्हणाला. मडगार्डानं पाणी उडायचं थांबलं. ते सरळ आत यायला लागलं.

आखाजीला मीनाबाई आंब्यांची टोपली घेऊन काठावर आल्या.

"हाई नाव शे का ट्रॅक्टर?"

त्यांनी चारही वजनं उतरवायला लावली आणि स्वतः टोपलीसकट मागच्या टोकाला बसल्या. त्यांच्या वडिलांच्या नावेत धान्याची गोणी कायम मागेच असायची. लग्नाच्या बत्तीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

वारा होताच. पण आता नाक वर राहिलं आणि लाटा खालून निघून जायला लागल्या. वल्ही मारणारा मधे बसतो, जायच्या दिशेला पाठ करून. त्यामुळे वाट फक्त मीनाबाईंना दिसत होती. एरवी ते ट्रॅक्टरवर असायचे आणि त्या मागे ट्रॉलीत बसायच्या. एवढा वेळ समोरासमोर दोघं लग्नानंतर पहिल्यांदाच बसले होते, आणि छगनभाईंना ते फार आवडलं.

"मन्हाकडे काय देखी ऱ्हायनात? डावं वल्हं मारा."

मीनाबाई कोरड्या ठणठणीत पोचल्या. त्या सणाला चार दिवस राहणार होत्या, छगनभाईंनी परतायचं होतं. संध्याकाळी वारा थांबल्यावर मेहुणा हेमकांत ओट्यावर आला.

"दाजी, वारा पडना. आते निंघा."

छगनभाई उठले नाहीत. "कसा निंघू? मांगे वजन नही."

"वाळूनी गोणी देस ना."

छगनभाईंनी नदीकडे पाहिलं. "गोणीले वाट दिखत नही."

आत मीनाबाईंनी ते ऐकलं आणि आणखी एक ताट मांडलं.