पाठमोरे

“ड्रिलवाला किती वाजता येणार आहे?” तपासनीस साहेबांनी विचारलं.

“अकराला,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “पण आजींचं एकच पालुपद चाललंय. आधी पाठमोऱ्यांना बोलवा. म्हणून मी काकांना फोन केला.”

साहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मी घाईघाईत घरातल्याच सपाता घालून आलोय, हे मला तेव्हा कळलं.

“पाठमोरे? हे आडनाव आहे तुमचं?”

“नाही. पडलंय तसं,” मी म्हणालो आणि नेहमीप्रमाणे घसा खाकरला.

येत्या सोमवारी आमच्या बँकेची पाटी उतरणार होती. एका मोठ्या बँकेत आमची बँक विलीन झाली होती. या शाखेतले लॉकर बंद होणार म्हणून सगळ्यांना पत्रं गेली होती, आणि दोनशे चाळीसपैकी दोनशे एकोणचाळीस लॉकर रिकामे झाले होते. उरला होता एकशे बारा. तो आज, शनिवारी, दुपारच्या आत रिकामा करून घ्यायला मोठ्या बँकेने हे तपासनीस साहेब पाठवले होते. मी त्या लॉकरखोलीचा एकतीस वर्षं कारकून होतो. निवृत्त होऊनही चौदा वर्षं झाली.

बाकावर एकशे बाराची मालकीण बसली होती. चौऱ्याऐंशीच्या आसपासची म्हातारी, हातात काठी, मांडीवर रिकामी कापडी पिशवी. शेजारी तिचा भाचा, मनगटावरचं घड्याळ सारखं बघत.

“मावशी, फोडू दे की त्यांना. पंचांसमोर यादी होईल, सही होईल, विषय संपला. असं काय कोहिनूर ठेवलंयस आत?”

“तुला काय करायचंय?”

“मला काही नको गं. पण किल्ली हातात धरून तू अडून बसलीस. लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात ते मी तू जन्मायच्या आधीपासून ऐकतेय. तुझ्या आईचं बाळंतपणही मीच केलं. गप बस.”

भाच्याने पुन्हा घड्याळ बघितलं. ती दाई होती. पन्नास वर्षं तिने या गावातली बाळंतपणं केली होती.

अडचण साधी होती. दोन वर्षांपूर्वी मनगट मोडल्यापासून तिची सही जुन्या कार्डावरच्या सहीशी जुळत नव्हती. लॉकर माहेरच्या नावाने, ओळखपत्र सासरच्या. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी नियम मला वाचूनच दाखवला. सही जुळत नसेल तर ज्याने त्या खातेदाराला लॉकर उघडून दिलाय अशा कर्मचाऱ्याने ‘मी यांना ओळखतो’ असं लेखी द्यायचं. नाहीतर लॉकर फोडायचा, आतली एकेक वस्तू बाहेर काढायची, कागद असेल तर वाचून बघायचा, आणि दोन पंचांसमोर यादी करायची.

वाचून बघायचा, हे मी त्यांना पुन्हा एकदा विचारून घेतलं. आत काय आहे ते तिच्याखेरीज मला एकट्यालाच ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असणं हीच माझ्या नोकरीतली एकमेव लाजिरवाणी गोष्ट.

आमची बँक सुरू झाली ती बियाणांच्या दुकानावरच्या माडीवर. एक डॉक्टर, दोन मास्तर आणि एक कागदाचा व्यापारी, एवढेच तिचे जन्मदाते. पहिली दोन वर्षं लोक ठेव ठेवायला कचरत, पण घरातल्या पेट्या मात्र ‘जरा राहू दे तुमच्याकडे’ म्हणून आणून टाकत. कर्जखातं, पगारखातं, आजारी पेन्शनरांकडे दर गुरुवारी सायकलवरून माणूस पाठवणं, बेचाळीस शाखा, हे सगळं नंतरचं. आधी त्या पेट्या. त्यांच्यासाठीच पुढे ही लॉकरखोली झाली.

लॉकर उघडायला सगळीकडेच दोन किल्ल्या लागतात. एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. बाकी बँकांत कारकून आपली किल्ली फिरवून बाहेर जातो. आमच्या खोलीचं लोखंडी दार बाहेरून लागायचं, आणि म्हाताऱ्या माणसांना आत कोंडून घ्यायची भीती वाटायची. म्हणून आमच्या पहिल्या मॅनेजरांनी, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, वेगळी पद्धत घातली. कारकुनाने आतच थांबायचं, पण किल्ली फिरवली की भिंतीकडे तोंड करायचं. “माणूस काय जपून ठेवतो ते बघायचा पगार आपल्याला मिळत नाही,” असं ते मला पहिल्या दिवशी म्हणाले होते.

माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला याहून चांगली नोकरी मिळाली नसती. भिंतीकडे तोंड करून मी पुस्तकं वाचायचो. गिऱ्हाइकांना माझा चेहरा माहीत नव्हता आणि मला त्यांचा. मी त्यांना आवाजावरून आणि त्यांचं काम होईतो माझी किती पानं वाचून व्हायची त्यावरून ओळखायचो. सोनार दोन पानांचा, निवृत्त मास्तर सात पानांचे. आमची ही म्हणायची, “घरात पुस्तक, बँकेत भिंत. माझ्याकडे तोंड करून कधी उभे राहिलात?” मी पुस्तकाचं पान उलटायचो.

तिसऱ्या वर्षी एकदा मागे काहीतरी धपकन पडलं. मी वळलो. कोणी पडलं असेल असं वाटलं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय. पण मोठे साहेब म्हणायचे, आधी विचारायचं, मग वळायचं. मी विचारलं नाही. फरशीवर वह्या पडल्या होत्या, शाळेतल्या असतात तशा, आणि एक उघडी होती. एक ओळ दिसली. एक तारीख, एक बाळ, आणि आईच्या जागी दोन नावं. जिने जन्म दिला ती, आणि जिच्या पदरात घातलं ती. तिच्या तोंडाकडे न बघताच मी लगेच भिंतीकडे फिरलो. पण वाचलेलं विसरायची सोय मला कधीच नव्हती.

ते बाळ आज चाळिशी ओलांडून गेलंय. आमच्या रस्त्यावरच राहतं. मला बघितलं की स्कूटर थांबवून “काका, सोडू का?” म्हणतं. मी हिलाही कधी बोललो नाही.

मॅनेजरबाईंनी बँकेच्या निरोपाच्या अंकासाठी माझ्याकडे दोन पानं मागितली होती. चार वेळा लिहिली, चार वेळा फाडली. ‘आमच्या एकाही कर्मचाऱ्याने कधी मागे वळून पाहिले नाही’ हे वाक्य त्यांना हवं होतं, आणि तिथे आलं की माझा हात अडायचा.

“मग काका,” साहेब म्हणाले, “ओळखता ना यांना? इथे सही करा.”

मी म्हातारीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. आम्ही दोघंही एकमेकांना अनोळखी होतो.

“हे का ते?” ती मॅनेजरबाईंना म्हणाली. “पुढून कधी बघितलं नाही मी यांना.”

भाचा फिसकन हसला. साहेबांनी कपाळावर हात मारला.

सही करून टाकणं सोपं होतं. सगळ्यांचीच सुटका झाली असती. पण ओळख पटल्याशिवाय सही करायची, तीही या खोलीच्या शेवटच्या दिवशी? आणि मी ‘नाही’ म्हणालो तर अकरा वाजता त्या वह्या कोणीतरी मोठ्याने वाचणार, भाच्यासमोर, पंचांसमोर. संध्याकाळपर्यंत गावभर होणार. किती घरं असतील त्या वह्यांत, देव जाणे.

“मला भिंतीकडे तोंड करून उभं राहू द्या,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. “त्यांना लॉकरपाशी जाऊ द्या. बँकेची किल्ली लावल्याशिवाय तो उघडणार नाहीच.”

“हे काय नाटक आहे?” साहेब म्हणाले.

“साहेब, दहाच मिनिटं,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “ड्रिलवाला तसाही उशीर करणार.”

मी माझ्या जागेवर गेलो. कानातलं यंत्र नीट बसवलं. चौदा वर्षांनी ती भिंत समोर आली. आता मला ऐकू कमी येतं. मागून पावलं आली, पण काठीमुळे ती कुणाचीही असू शकली असती. ती खोकली. कोण खोकत नाही? मी मनात म्हटलं, झालं, तुझ्या हुशारीचं हे एवढंच.

आणि मग ऐकू आलं. फू. थोडं थांबून पुन्हा, फू.

किल्ली घालायच्या आधी ती त्या भोकात दोन फुंकरी घालायची. रडत नसलेल्या बाळाच्या तोंडावर घालावी तशी हलकी फुंकर. एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणीही तसं केलं नव्हतं. ती माझी पाच पानांची बाई होती.

“या त्याच आहेत,” मी भिंतीला सांगितलं. “द्या कागद. करतो सही.”

साहेबांनी मला विचारलं, खात्री आहे का. जन्मभर या प्रश्नाला ‘तसं नाही सांगता येणार’ असंच उत्तर देत आलेला मी, “आहे” म्हणालो.

सही झाली. साहेब, मॅनेजरबाई आणि भाचा दाराबाहेर गेले. मॅनेजरबाईंनी दिलेली बँकेची किल्ली मी लावली, फिरवली आणि भिंतीकडे वळलो. पुस्तक आणायचं विसरलो होतो.

मागे पत्र्याचा ट्रे सरकला. वह्या पिशवीत जाऊ लागल्या. खूप होत्या.

“एकदा तुम्ही वळला होतात,” ती हळूच म्हणाली.

मी भिंतीवर हात टेकला.

“मला वाटलं, तुम्हाला कळलं नसेल.”

“कळायला काय? वह्या उचलायला वाकले होते, तुमचे पाय माझ्याकडे वळलेले दिसले. परत फिरलात तेव्हा कान लाल झाले होते. महिनाभर झोप नव्हती मला. म्हटलं, आज फुटेल, उद्या फुटेल. बाजारात दोघी कुजबुजताना दिसल्या की मी रस्ता बदलायचे. वर्ष गेलं, दोन गेली, काही नाही. मग म्हटलं, राहू देत वह्या इथेच. भिंतीपेक्षा माणूस बरा निघाला.”

मला काहीतरी बोलायचं होतं. क्षमा मागायची होती बहुतेक.

“आता काय करणार यांचं?” शेवटी मी विचारलं.

“जाळणार. ज्यांना लपवायचं होतं ते गेले. जी पोरं आहेत ती सुखात आहेत.” पिशवीचे बंद आवळल्याचा आवाज आला. “झालं माझं. वळा आता.”

लॉकर परत घेताना शेवटचं एक काम कारकुनाचं असतं. आत हात घालून मागच्या पत्र्यापर्यंत चाचपायचं, काही राहिलं नाही ना ते. मी खांद्यापर्यंत हात घातला. थंडगार पत्रा, बाकी काही नाही. रजिस्टरात ‘एकशे बारा, रिकामा’ लिहिलं आणि बँकेची किल्ली मॅनेजरबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

भाचा पिशवी घ्यायला पुढे झाला, तर म्हातारीने त्याच्या हातात काठी दिली आणि पिशवी स्वतःच उचलली.

“काय होतं हो आत, एवढं वजनदार?” साहेबांनी मला एका बाजूला घेऊन विचारलं. त्यांच्या आवाजात कामाचा भाग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

“काय माहीत,” मी म्हणालो. “माझं तोंड भिंतीकडे होतं.”

मॅनेजरबाई हसल्या. “काका, हेच लिहा ना अंकात.”

“बघतो,” मी म्हणालो. या वेळी फाडावं लागणार नाही असं वाटलं. ते वाक्य मात्र मी लिहिणार नव्हतो. आमच्यातला एकजण एकदा वळला होता, पण या खोलीतलं बाहेर गेलं नाही, एवढंच लिहिणार होतो.

बाहेर पायरीवर आलो. आमची पाटी अजून जागेवर होती. खाली रस्त्यावर दाई चालली होती, वह्यांच्या ओझ्याने एका अंगाला झुकलेली. भाचा काठी घेऊन मागे. इतकी वर्षं ती माझी पाठ बघत आली होती, आज मी तिची बघत होतो. कोपऱ्यावर ती क्षणभर थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मागे न वळता पुढे गेली.