तीन ओळींची सिद्धता

दिल्लीनं देशाची दारं उघडली असं पेपरात रोज येत होतं, तेव्हा त्या दारातून घाटनांदुरात दोनच गोष्टी आल्या. स्टँडजवळ एक पिवळा एसटीडी बूथ, आणि पुण्याहून रोहिणीच्या नावाचं पाकीट.

रोहिणी म्हणजे किराणा दुकानदार शिवलिंगप्पांची थोरली. नुकतीच नववी झालेली. राजेश्वर सरांनी तिला अंबाजोगाईला नेऊन गणिताच्या कुठल्याशा परीक्षेला बसवलं होतं आणि नंतर ते दोघंही ती विसरून गेले होते. आता कळलं की राज्यातल्या निवडक मुलांसाठी मे महिन्यात तीन आठवड्यांचं शिबिर आहे आणि रोहिणीची निवड झाली आहे. सोमवारी सकाळी दहापर्यंत हजर न राहिल्यास जागा प्रतीक्षायादीतल्या मुलाला मिळेल. सोबत घरून सोडवून आणायची काही गणितं होती.

गणितं तिनं पटापट उडवली. एकच अडलं. म्हणजे सुटलं, पण फार लवकर सुटलं. समारंभात कितीही माणसं येवोत, कोणीही कोणाशीही हात मिळवो, निदान दोघं तरी असे निघतातच ज्यांनी मिळवलेल्या हातांची संख्या सारखी असते. हे सिद्ध करा. तिनं लिहिलं: दहा माणसं धरू. प्रत्येकाचा आकडा वेगळा हवा तर शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे लागतील. पण ज्यानं कोणाशीच हात मिळवला नाही असा एक जरी असला, तर सगळ्यांशी हात मिळवलेला कोणी असूच शकत नाही.

तीन ओळी. राजेश्वर सरांच्या वर्गात सिद्धता म्हणजे आधी पक्ष, मग साध्य, मग आकृती आणि खाली पानभर मजकूर.

"सर, एवढ्यात होतंय का हो सिद्ध?"

सरांनी दोनदा वाचलं. भला माणूस, खोटं बोलला नाही. "पोरी, बरोबरच दिसतंय. पण असं चालतंय का, मला न्हाई सांगता येत. तिथं विचार. तिथं असलं कळणारी माणसं असतेत."

त्या एका वाक्यावर रोहिणी पुढचे दिवस जमिनीला टेकली नाही. आई, शिवगंगा, विचारी, "तिथं खायाला काय देतेत गं?" ती म्हणे, "देतील कायतरी."

गुणवत्ता आमच्याकडे दुर्लक्षित राहत नाही. तिचा सत्कार होतो. युवक मंडळाच्या अभिमन्यूनं रविवारी दुपारी चारला मांडव घातला आणि भाऊसाहेबांची वेळ घेतली. भाऊसाहेब तालुक्याचे नेते. परदेशात अभ्यासदौरा करून आल्यापासून त्यांनी नमस्कार सोडला होता. ते हात मिळवत. पुण्याची गाडी अंबाजोगाईहून संध्याकाळी सातला. म्हणजे घाटनांदुरातून सहाच्या आत निघायला हवं. हिशोब सगळ्यांना माहीत होता.

पाच वाजले. रोहिणी नव्या फ्रॉकमध्ये स्टेजवर, पिशवी खुर्चीखाली. भाऊसाहेब एका लग्नात आहेत असं कळलं. सुरेल स्वागतगीत झालं. मग तेच पुन्हा झालं.

"अप्पा, गाडी," रोहिणी हळूच म्हणाली.

शिवलिंगप्पांनी अभिमन्यूकडं पाहिलं.

"सत्कारमूर्तीच गेली तर सत्कार कुणाचा करू, अप्पा? मांडवाचा?"

बायकांतून शिवगंगा उठली. "माझा करा. पोरीला जाऊ द्या."

लोक हसले. अभिमन्यू म्हणाला, "आवो काकू, कावून घाबरता? भाऊसाहेबांची जीप हाय. सायेबांनी फोन केला की डेपो गाडी थांबवतंय. तुमी बसा बरं."

शिवलिंगप्पा बसूनच राहिले. जन्मभर ज्यांनी गिऱ्हाइकाला कधी उठवलं नाही, ते मांडवातून स्वतः कसे उठणार?

वेळ काढायला माइक रोहिणीच्या हाती दिला. "दोन शबुद बोल." तिला दोन शब्द येत नव्हते, तिनं गणित सांगितलं. समारंभ, माणसं, हात मिळवणं, सगळं. मग सटवा तालीमवाला ओरडला, "न्हाई मिळवला हात तर काय पोलीस येतेत काय बे?" केवढ्या टाळ्या पडल्या. राजेश्वर सर खाली मान घालून बसले.

भाऊसाहेब आले तेव्हा दिवे लागले होते. माणूस मनमोकळा. मांडवात खाली बसलेल्या एकूण एक माणसाशी त्यांनी हात मिळवला. बायकांनी पदर सावरत बोटांची टोकं दिली. रोहिणीच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर थोपटलं, फोटो निघाला. ग्रामीण भागात किती प्रतिभा आहे आणि तिला संधी कशी मिळत नाही, यावर ते सविस्तर बोलले. मग जीप दुसऱ्या सत्काराला गेली. अभिमन्यू तिच्यामागं थोडं पळाला, हे सांगायला हवं.

सकाळी बूथ उघडल्याबरोबर बापलेक तिथं उभे. लाइन लागता लागता पलीकडं फोन उचलला गेला तेव्हा साडेदहा झाले होते. काचेमागच्या यंत्रात बिलाचे लाल आकडे पळू लागले. शिवलिंगप्पा उभ्यानंच वाकून बोलत होते.

"एक गाडी हुकली हो सायेब. आत्ताच्या गाडीनं निघतो, संध्याकाळी हजर..."

"यादी दहाला बंद झाली. पुढच्या मुलाला आत घेतलं. इथलाच आहे, सकाळपासून बाकावर बसला होता."

"मंग पुढल्या वर्षी?"

"हे फक्त नववीसाठी असतं काका."

रोहिणीनं रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला.

"सर, एक विचारायचं होतं. सिद्धता तीन ओळींची असली तर चालते का?"

"कोणाची?"

"समारंभात माणसं असतेत, त्यांनी हात मिळवलेत..."

"बाळ, मी ऑफिसातला माणूस आहे. सर तासावर गेलेत."

"मी थांबते," रोहिणी म्हणाली. पण फोन ठेवला गेला होता.

फोटो आठवड्याभरात आला. शिवलिंगप्पांनी तो गल्ल्याच्या वर लावला. नाही लावला असता तर कोणी विचारलं असतं. जूनमध्ये आसपासच्या वाड्यांची गिऱ्हाइकं विचारत, कसं झालं शिबिर? ते म्हणत, "लई चांगलं." खोटं बोलताना त्यांचा हात तराजूवर राही.

एकदा धोंडीराम तूरडाळ घ्यायला आला. फोटोकडं पाहून म्हणाला, "काय बी म्हणा अप्पा, भाऊसाहेबांसारखा माणूस न्हाई. समद्या गावाशी हात मिळवला त्यानं."

रोहिणी आतल्या पोत्यावर बसून गहू निवडत होती. वर न बघता म्हणाली, "समद्यांशी न्हाई."

"आँ? कोण ऱ्हायलं?"

"मी. माझ्या हातात नारळ व्हता. मी कुणाशीच हात मिळवला न्हाई."

धोंडीराम हसला. शिवलिंगप्पांना हसू आलं नाही. त्यांच्या हातातलं माप तसंच राहिलं. लेकीनं आत्ता काहीतरी पूर्ण केलं आणि ते आपल्याला कळत नाही, एवढं त्यांना कळलं.

"मंग?" त्यांनी विचारलं. "मंग काय होतंय गं त्यानं?"

रोहिणीनं त्यांच्याकडं पाहिलं. सांगावं का, असा विचार तिच्या चेहऱ्यावर येऊन गेला.

"काय न्हाई अप्पा," ती म्हणाली, आणि गव्हातला खडा काढून बाजूला ठेवला.