फकिराबाबांच्या कमरेची पिशवी

जरा वर बघा. कॅलेंडरशेजारच्या खिळ्यावर तोंड खाली करून टांगलेली, लाल, पोटावर आडव्या रेघा असलेली दिसतेय ना, तीच मी. गरम पाण्याची रबरी पिशवी. उलटी टांगलीय म्हणून हळहळू नका, आमची विश्रांती अशीच असते. आतलं पाणी पूर्ण निथळलं नाही तर रबर आतून चिकटतं आणि आमचा खेळ खलास.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातल्या साच्यात झाला. त्यातला गंधकाचा वास आणि जीवघेणा उकाडा एवढंच आठवतं. पुढं जन्मभर उकळतं पाणी पोटात घ्यायचं होतं, त्याची ती रंगीत तालीम असावी. मग खोक्यात बसून नाशिकला आले आणि पंचवटीतल्या एका मेडिकल दुकानात, दुधाच्या बाटल्या आणि थर्मामीटरच्या मध्ये धूळ खात पडले. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट.

तिथून मला निवृत्तीनं घेतलं. मखमलाबादच्या रस्त्याला त्याच्या वडिलांचा, फकिराबाबांचा, फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, थोडी मेथी-कोथिंबीर. रोज पहाटे खुडलेल्या फुलांचे हार फकिराबाबा स्वतः ओवायचे आणि ते पंचवटीतल्या देवळांत जायचे. वाकून वाकून त्यांची कंबर धरली होती. आणि फकिराबाबांची कंबर धरली की ते एकट्याचं दुखणं राहत नसे. ते ओट्यावर बसून असे कण्हायचे की रस्त्यानं जाणारा सायकलवाला उतरून चौकशी करायचा. मग बाबा मला उंच धरून दाखवायचे. "ही बघा, लेकानं आणली. रबरी हाय. लय गुणाची." माझ्यासाठी पुढच्या खोलीत, देवाच्या फोटोखाली, खास खिळा ठोकला होता. सांगायला हरकत नाही, मी जरा फुगले होते.

घरात दुसरंही एक दुखणं आहे हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. दुपारी बाबा मळ्यात गेले होते. निवृत्तीची बायको लता आली, तिनं इकडं तिकडं बघितलं आणि मला खिळ्यावरून काढून पदराखाली घेतलं. मला वाटलं, चोरी झाली. मागच्या खोलीत पोतं अंथरून तिची मुलगी भाग्यश्री पडली होती. गुडघे पोटाशी, ओठ पांढरे पडलेले. मला पोटावर ठेवलं तशी तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि कळ आली तेव्हा चक्क माझा कोपरा चावला. दातांच्या त्या खुणा अजून आहेत, पाहिजे तर बघा. त्याच दिवशी मला ती पोर आवडली. बाबांच्या कमरेखाली मी निव्वळ कामावर असायचे. तिच्या पोटावर असताना मला वाटायचं की आपण आणखी तापावं, आणखी, अगदी फुटेपर्यंत.

आता या घराची रीत सांगते. बाईच्या त्या चार दिवसांत तिनं फुलाला हात लावायचा नाही. शेवंतीच्या वाफ्यात पाय नाही, हारावर सावली नाही. धुणं, भांडी, शेणगोठा, मेथीच्या जुड्या बांधणं मात्र सगळं चालायचं. मेथीला विटाळ होत नाही आणि शेवंतीला होतो, हे ज्यानं कुणी ठरवलं त्याची मेथी बरीच निघत असावी.

तर प्रश्न असा आला, की मी दुपारी नातीच्या पोटावर आणि संध्याकाळी आजोबांच्या कमरेला. ते आजोबा पहाटे देवाचे हार ओवणार. मग माझं काय? हा खटला भाग्यश्रीच्या आजीपुढं, साळूबाईंपुढं गेला. साळूबाईंनी मिश्री घासत बराच विचार केला. असल्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, पण रबराबद्दल त्यांच्या सासूनं काहीच सांगून ठेवलं नव्हतं.

"रबराला कसला आलाय इटाळ?" त्या शेवटी म्हणाल्या. "रिक्षात कोण कोण बसून जातं, मग काय रिक्षा गोदावरीत बुडवायची? आन् लोकरीला तर इटाळ नसतोच. लते, हिला जुन्या स्वेटरचं अंगडं शिव. पर ह्यांना सांगू नका."

अशी मी स्वेटरच्या बाहीत शिरले आणि दोन्हीकडून शुद्ध झाले.

भाग्यश्रीच्या पोटावर इलाजांची मात्र कमी नव्हती. ओवा-गूळ झाला. बेंबी सरकलीय म्हणून शेजारणीनं पोटावर पेलाही लावला. दही बंद, चिंच बंद, पेरू बंद. कॉलेजातल्या मैत्रिणीनं गोळी दिली तर साळूबाईंनी ती उकिरड्यावर टाकली. "गोळ्यांनी पुढं पोरं होत नाय." डॉक्टरचं नाव काढलं की, "कुवारी पोर बायांच्या डॉक्टरीणबाईकडं गेलेली लोकांनी बघितली म्हंजे?" आणि सगळ्याच्या शेवटी, ठसक्यात, "लगीन झालं की आपोआप थांबतं."

निवृत्तीला तर कुणी खरं काही सांगितलंच नव्हतं. बापाला असलं सांगतात का? त्याला सांगितलं होतं, पोरीला गॅस होतो. तो बिचारा मनापासून काळजी करायचा. दर महिन्याला हिंगाचं चूर्ण आणायचा आणि सगळा राग भेळेवर काढायचा. "ती भेळच बंद कर आधी. तुझं पचनच बिघडवलंय तिनं." भाग्यश्रीला भेळ जीव की प्राण. पण खरं कारण सांगण्यापेक्षा तिनं भेळ सोडली.

असं करत ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. मन लावून शिकायची. पण दर महिन्याला प्रॅक्टिकल बुडायचं आणि ती मला उराशी धरून रडायची. शेवटी साळूबाईंनी नातीवरच्या मायेनंच औषध पक्कं केलं. औषधाला मिशा होत्या, नाव महेश होतं आणि देवळाली कॅम्पाच्या बाजारात त्याच्या घरचं भाजीचं दुकान होतं. मुलीला बघायला रविवारी येणार होते. जमलं तर वैशाखात लग्न, म्हणजे बी.एस्सी. तिथंच संपलं.

आणि त्याच रविवारी सकाळी भाग्यश्रीच्या पोटात पहिली कळ आली.

"पाव्हण्यांना निघा कसं म्हणायचं?" साळूबाई म्हणाल्या. "पोरीनं नुसतं बसायचं. पोह्यांची ताटली लता देईल. कुणाला काय कळत नाय."

भाग्यश्रीला तर उभं राहवत नव्हतं. म्हणून लतानं मला भरलं आणि साडीच्या आत, पोटावर, ओढणीनं करकचून बांधलं. आता मला भरायची एक रीत असते. निम्मी भरायची, मग अलगद दाबून आतली हवा घालवायची, पाणी तोंडाशी दिसलं की बूच आवळायचं. हवा राहिली की मी बोलते. पण बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, लताची धांदल उडाली आणि हवा राहिली.

पुढच्या खोलीत महेश, त्याचे वडील आणि आई बसले होते. भाग्यश्री हळूच खुर्चीवर टेकली. महेशच्या वडिलांनी विचारलं, "नाव काय बाळा?" ती नमस्काराला जराशी वाकली, आणि मी म्हणाले, "गुळुक."

महेश पोह्यांतला शेंगदाणा निरखू लागला.

"भाग्यश्री," ती म्हणाली.

"गुडूक, गुडूक," मी म्हणाले. काय करू? माझ्या हातात नव्हतं.

निवृत्ती सरळ माणूस. त्याला वाटलं, लपवाछपवी नको, उद्या बोल लागायला नको. तो घसा साफ करून म्हणाला, "पोरगी हुशार हाय, कामाला वाघ हाय. फक्त पचन जरा नाजूक. पहिल्यापासून गॅस. पर मी चूर्ण देतो, आता बरंच कमी हाय."

महेशच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली. "कमी हाय तरी एवढा आवाज?"

"आमच्या घराण्यात नाय कुणाला," फकिराबाबांनी घाईनं सांगून टाकलं.

भाग्यश्रीच्या पोटाचे स्नायू माझ्याखाली दगडासारखे झाले होते. अर्धं दुखण्यानं, अर्धं लाजेनं. तेवढ्यात महेशच्या आईनं पिशवीतून शेवंतीची वेणी काढली आणि पुढं केली. "घे गं, माळ केसांत."

भाग्यश्रीचा हात पुढं आला आणि चटका बसावा तसा मागं गेला.

"ठेवा तिथं, माळंल ती मागनं," साळूबाई चटकन म्हणाल्या.

पण महेशची आईही माळ्याचीच लेक. फुलांच्या घरातली पोरगी फुलाला हात लावत नाही, म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिनं भाग्यश्रीच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग साडीच्या फुगीर निऱ्यांकडं. आणि उठलीच. "मला जरा पाणी दे गं. चल आत."

स्वयंपाकघरात गेल्या गेल्या तिनं साडीवरून माझ्यावर तळवा ठेवला. लता आणि साळूबाई मागोमाग धावत आल्या. मला वाटलं, आता संपलं. आता ही बाई पोरीला नावं ठेवत रिक्षात बसणार.

"भरताना हवा काढली नाय व्हय?" ती म्हणाली. "माझी हिरवी हाय. मी हवा काढते, मंग गप राहती."

साळूबाईंनी सवयीनं आपलं नेहमीचं वाक्य काढलं, "लगीन झालं की थांबतं आपोआप."

"कुणाचं थांबलं?" महेशच्या आईनं विचारलं. "त्या बाहेर बसलेल्या पोराला मिशा फुटल्या, माझं तर अजून थांबलं नाय. तुमचं थांबलं का हो?"

लतानं सासूकडं एकदा बघितलं आणि मान हलवली. नाही. मग सगळ्या साळूबाईंकडं बघायला लागल्या. साळूबाईंनी पदर सारखा केला, चुलीवरचं झाकण उगाच उचलून परत ठेवलं.

"मला चार पोरं झाली तरी नव्हतं थांबलं," त्या म्हणाल्या. "म्हातारी झाले तवा थांबलं."

"मग आजी, तू मला का सांगत होतीस?"

"मला माझ्या सासूनं सांगितलं व्हतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी वाटच बघत बसले गं."

इतकी वर्षं मी त्या घरात होते, पण साळूबाईंच्या पोटावर मला कुणीच कधी ठेवलं नव्हतं. त्यांच्या वेळी मी नव्हतेच. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बाहेरून फकिराबाबांची हाक आली. "अगं, माझी पिशवी कुठाय? बसून बसून कंबर धरली."

साळूबाई ताठ उभ्या राहिल्या. दारात जाऊन, पाहुण्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुमची पिशवी नातीच्या पोटावर हाय. पाळी आलीय तिची. दर महिन्याला मरणाचं दुखतं पोरीला. गॅस नाय तो."

त्या पुढच्या खोलीत हा शब्द पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकू आला. छत कोसळलं नाही. देवाचा फोटोही हलला नाही.

"म्हंजे," निवृत्ती चाचरत म्हणाला, "चूर्ण?"

फकिराबाबांना वेगळीच शंका आली. "म्हंजे ती माझ्या कमरेला बी..."

"रबराला इटाळ नसतो," साळूबाईंनी निकाल सांगितला.

बाबांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "मंग दोन आणायच्या ना बाजारातून!"

भाग्यश्री आजीच्या मागून बाहेर आली. एका हातानं मला धरलं होतं, लपवत नव्हती. "दादा, मला डॉक्टरकडं न्या," ती वडिलांना म्हणाली. "आणि मला बी.एस्सी. पूर्ण करायचंय. लग्नानं हे थांबत नाही, आत्ताच कळलं."

"गुडूक," मी म्हणाले. या वेळी मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती तिला लूनावर बसवून डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेला. मी तिच्या पिशवीत होते म्हणून सगळं कळलं. बायकांच्या रांगेत तो एकटा पुरुष, पंख्याकडं बघत बसला होता. बाईंनी तपासलं, कळ सुरू होताच घ्यायची गोळी दिली, आणि पुन्हा दाखवायला या म्हणाल्या. येताना निवृत्तीनं एका गाडीपाशी लूना थांबवली. लेकीकडं न बघता म्हणाला, "भेळ खाती का?" ती भेळ खाता खाता रडत होती आणि तो म्हणत होता, तिखट झाली का, तिखट झाली का.

बी.एस्सी. झाल्यावर महेशची आई पुन्हा आली. भाग्यश्रीनं हो म्हटलं. ती चेष्टेनं सांगते, मी नवरा नाही, सासू बघून लग्न केलं. महेश वाईट नाही. तो हवा काढून भरायला शिकलाय. मळ्यातला शेवंतीचा नियम मात्र साळूबाईंनी शेवटपर्यंत मोडू दिला नाही. सगळंच एका रविवारात बदलत नाही. ती सासरी निघताना फकिराबाबांनी बाजारातून आणलेली नवी पिशवी स्वतःकडं ठेवली आणि मला नातीच्या सामानात घातलं, म्हणाले, "हिला दातांची ओळख हाय."

इथं देवळाली कॅम्पात आल्यावर भाग्यश्री सवयीनं मला गादीखाली लपवायला निघाली होती. सासूनं पुढच्या खोलीत हिरवीशेजारी दुसरा खिळा ठोकला.

हिरवी मागच्या वर्षी गेली. माझ्याही कडेला आता चीर पडलीय, आणि काल भाग्यश्रीनं निळी पिशवी आणलीय. ती अजून खोक्यातच आहे, कोवळी आहे. तिला भरायची रीत भाग्यश्री शिकवेलच. मला तिच्या कानात एवढंच सांगायचंय. बाई गं, एरवी गपच राहा. पण समोर पाहुणे बसलेत, पोरगी ओठ चावतेय आणि घरातले सगळे गप्प आहेत असं दिसलं, तर पोटात थोडी हवा राहू दे. आणि खुशाल बोल.