पत्र्यावर चढवलेला हलका माणूस

मलकापूरच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात छपरावर चढायला दोर लागत नसे, फळी लागत नसे. लागायचा तो फक्त हलका माणूस. असा तिथला रिवाज! सिमेंटचा पत्रा वजनानं फुटतो, म्हणून सडपातळ मजूर हेरायचा आणि सांगायचं, "बोल्टाच्या रांगेवर पाय ठेव, खाली लोखंड हाय." झाली सुरक्षा!

त्या सकाळी पत्रा बदलायला मुकादम इंद्रभाननं नागसेनला वर धाडलं. शिडी म्हाताऱ्या मजुरानं, जानरावनं धरली होती.

"सांभाळून बे!"

"हाव काका, चहा सांगून ठेवा."

उजेडासाठी मधे बसवलेला प्लास्टिकचा पत्रा कापसाच्या धुळीनं माखून हुबेहूब सिमेंटचा दिसत होता. नागसेनचा पाय त्यावर पडला. कडाड् आवाज झाला आणि वीस फुटांवरून तो फरशीवर आदळला.

दुपारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण कमरेखालचं काही सांगता येत नाही. नागसेनची बायको धम्मशीला व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, जानराव शेजारी उभा होता. तेवढ्यात मुकादम कागद घेऊन आला. 'नागसेन दारू पिऊन होता. नको म्हटलं तरी वर चढला.' खाली साक्षीदार म्हणून जानरावचं नाव.

"कर सही. गुलाबरावच्या वक्ताले केल्ती ना?"

जानरावनं केली होती. असाच पडून मेलेला गुलाबराव माळकरी माणूस. उभ्या जन्मात थेंब शिवला नाही, पण कागदावर दारुडा ठरला. त्याची बायको गीताबाई समोरून दिसली, की जानराव आजही गल्ली बदलायचा.

"अन् नाई केली तं?"

"तं उद्यापासून जिनिंगात दिसू नको."

जानरावची चूल त्या मजुरीवरच पेटत होती. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

धम्मशीला उठून जवळ आली. "काका, शिडी तुमी धरली होती. यायनं दारू घेतली होती का?"

"नाई पोरी. निव्वळ पाणी पिऊन चढला तो." जानराव मुकादमाकडे वळला. कागद त्यानं परत सारला. "खरं लिही. दोर नव्हता, फळी नव्हती. तू धाडलं अन् म्या शिडी धरली."

"येडा झाला काय बे, म्हाताऱ्या?"

"येडा तवा होतो, गुलाबरावच्या वक्ताले!"

जबाब घ्यायला पोलीस आला, तेव्हा जानराव न बोलावताच पुढे झाला.

"साहेब, नागसेनचं सांगतोच. पण आधी गुलाबरावचं लिहा. त्याच्यावर म्या खोटी सही केली हाय."