बसल्याशिवाय सही नाय

निधी समितीवरच्या झिपरूने आशागडच्या हॉटेलात भजी खात काम पूर्ण झाल्याची सही केली आणि पाड्याच्या पायऱ्या नुसत्या कागदावर बांधल्या गेल्या. झिपरू बिचारा साधा माणूस, पुढे आलेल्या कागदावर त्याने डोळे मिटून सही ठोकली. ग्रामसभेने मग समितीवर त्याच्या जागी सुकीला बसवलं. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, जे बांधलं असेल त्यावर बसूनच सही करायची. रस्ता असेल तर रस्त्यावर, टाकी असेल तर टाकीवर. बाप्ये पोट धरून हसले, पण नियम वहीत लिहिला गेला.

पुढच्या साली विहिरीजवळ कपडे धुण्याचा ओटा मंजूर झाला. ओढ्यातल्या दगडांवरून घसरून सुकीच्या सुनेचा, निलमचा, पाय मोडला होता, त्यामुळे हा ओटा सुकीला मनापासून हवा होता. मार्च संपायला तीन दिवस उरले तेव्हा कंत्राटदार धनेश डहाणूहून थेट तिच्या अंगणात फाइल घेऊन आला. विहिरीपाशी तोवर एक वीटही पडली नव्हती. फाइलीत मात्र ओट्याचा झकास फोटो होता, मागे चिकूची दोन डेरेदार झाडं. साऱ्या पाड्यात चिकूचं झाड औषधालाही नव्हतं.

धनेशने गोड बोलून पाहिलं. एकतीस तारखेच्या आत सही झाली नाही तर निधी परत जाईल, काम काय एप्रिलमध्येही करता येईल, असं तो समजावत राहिला. निधी गेला असता तर बायकांनी सुकीलाच बोल लावला असता, आणि समोर पडवीत निलम काठी धरून बसली होती. सुकीने पेन हातात घेतलंसुद्धा. मग ते खाली ठेवलं.

"शेठ, मी बसू कुठं ते दाखवा," ती म्हणाली. "बसल्याशिवाय सही नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पोभर सिमेंट आलं, मागोमाग सहा गवंडी. एकतीसला दुपारी इंजिनीयरने टेप लावून माप घेतलं. ओट्याचा वरचा थर अजून ओला होता. ग्रामसेवकाने उभ्यानेच सही करण्याची विनवणी केली, पण सुकीने ऐकलं नाही. तिने लुगडं सावरलं आणि ऐसपैस बसकण मारून सही केली. ती उठली तेव्हा ओट्यावर तिच्या बैठकीचा चांगला खोलगट ठसा उमटला होता. त्या दिवशी धनेशसुद्धा हसला.

आता बायका त्या खळग्यात साबण ठेवतात. निलम काठीशिवाय धुणं घेऊन येते, आणि ते बघताना सुकीला फार बरं वाटतं.

यंदा पाण्याच्या टाकीचं काम रविंद्र नावाच्या नव्या कंत्राटदाराला मिळालं. कामाला हात लावण्याआधी तो ओट्यापाशी गेला, खळगा बघून आला आणि सुकीसमोर उभा राहिला. त्याच्या हातात फाइल नव्हती.

"काकी, टाकीला शिडी पक्की लावतो," तो म्हणाला. "तुम्हाला वर येऊन बसायचंय ना."