बाबा आले की

सुभेदार आंघोळ करून खोलीत आले तेव्हा त्यांची हिरवी पत्र्याची ट्रंक पलंगावर उघडी होती आणि बायको तिच्यात मोज्यांचे जोड रचत होती. बनियन तळाशी, त्यावर शर्ट, कडेला दाढीचे सामान, सगळे जिथल्या तिथे. मफलरची घडी करता करता तिने मान वर न करताच विचारले,

"गाडी कितीची आहे?"

सुभेदार टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहिले.

"कुठली गाडी?"

तिचा हात थांबला. तिने मफलरकडे पाहिले, मग ट्रंकेकडे, मग त्यांच्याकडे.

"अगबाई," ती म्हणाली.

सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन घरी आले, त्याला त्या दिवशी दोन महिने होत होते. नोकरीत असताना वर्षाची सुट्टी दोन महिन्यांचीच असे. आता ते कायमचे घरी आले आहेत हे बायकोच्या डोक्याला चांगले ठाऊक होते. त्या आनंदात तिने सगळ्या गल्लीला चहाला बोलावले होते. हातांना मात्र कोणी कळवले नव्हते.

"सवयीनं हात गेला," ती म्हणाली.

"कुठं पाठवत होतीस मला?"

"मला काय ठाऊक? तुम्ही कधी सांगायचात का, कुठं चाललाय ते? विचारलं की म्हणायचात, गुपित आहे."

"डबाही भरलास?"

तिने मफलर ट्रंकेत ठेवून दिला. सुभेदारांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. ओट्यावर प्रवासाचा डबा फडक्यात बांधून तयार होता. गाठीवर गाठ, गाडीत हिसके बसले तरी सुटू नये अशी.

तो डबा दोघांनी दुपारी घरीच टेबलाशी बसून खाल्ला. ती हसली, तेही हसले. पण एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना त्यांनी ऐकले होते, की खोलीत बायको गुणगुणत होती. इतकी वर्षे तिने त्यांची ट्रंक भरली, पण ट्रंक भरताना ती कधी गुणगुणल्याचे त्यांना आठवत नव्हते.

तिला गुणगुणावेसे का वाटले असेल, याचा अंदाज मात्र त्यांना होता.

पूर्वी ते सुट्टीवर येत तेव्हा घरात त्यांच्यासाठी काम साठवून ठेवलेले असे. खुर्चीचा पाय निखळला की बायको म्हणे, "बाबा आले की." नळ गळू लागला, की त्याखाली बादली लावून म्हणे, "बाबा आले की." घरात हे इतके रुळले होते, की शाळेत गणित चुकले तेव्हा मुलीने बाईंनाही हेच उत्तर दिले होते. लंगड्या खुर्चीवर डावीकडे भार टाकून बसायला ती मुलगी नीट बोलायच्या आधी शिकली. पाहुण्यांना मात्र आधी सांगून ठेवावे लागे. जे पाहुणे आवडत नसत त्यांना सांगितले जात नसे.

तिकडे बर्फातल्या चौकीवर बाकीचे जवान बायकोचा चेहरा आठवत. सुभेदारांना नळ आठवे. वॉशर रबराचा घालावा की चामड्याचा, यावर त्यांनी उभा हिवाळा विचार केला होता. एकदा सकाळपासून समोरून गोळीबार चालू होता आणि ते खड्ड्यात पोटावर पडून होते. तिथे त्यांनी शेवटी रबराच्या बाजूने निकाल दिला. शेजारी पडलेल्या पोराने विचारले, "साहेब, ओठ हलतायत तुमचे. देवाचं नाव घेताय?" सुभेदार म्हणाले, "हो."

घरी आले की पहिले दोन दिवस ते पाहुणेच असत. चांगल्या कपबश्या बाहेर निघत. मुलगी दाराआडून त्यांच्या मिशांकडे बघत राही. मग ते हत्यारांची पेटी उघडत, मुलगी फ्रॉकच्या ओच्यात स्क्रू धरून शेजारी उभी राही, आणि तिथून पुढे ते तिचे बाबा होत. सुट्टी संपेपर्यंत सगळे दुरुस्त होई, पण एक काहीतरी राहूनच जाई. खिडकीची कडी, नाहीतर कपाटाचे बिजागर. ट्रंक उचलून निघताना ते दारात वळून म्हणत, "तेवढं पुढच्या वेळी." बायको मान हलवी. ते मुद्दाम ठेवतात का, हे तिने कधी विचारले नाही. ज्याचे काम अर्धे राहिले आहे त्याला परत यावेच लागते, असे त्यांच्या पलटणीत सगळेच मानत, आणि ते बोलून दाखवण्याची गोष्ट नव्हती.

निवृत्त झाल्यावर मात्र पुढची वेळच उरली नाही. पहिल्या पंधरवड्यातच त्यांनी कडी, बिजागर, नळ, खुर्ची सगळे हातावेगळे केले. दारे निमूट उघडू लागली, खिडक्या निमूट लागू लागल्या. घर इतके ठणठणीत झाले, की सुभेदारांचे लक्ष माणसांकडे वळले. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली; माणसे म्हणजे एकटी बायकोच.

त्यांनी फळीवरचे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे केले. साखर आणि मीठ यांची उंची सारखी निघाली. त्या दिवसाचा चहा सुभेदारांनी तोंड वाकडे न करता शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कारण चूक कोणाची होती हे उघड होते. रोज न्याहारीला ते दिवसाचा कार्यक्रम सांगू लागले. धुतलेले कपडे वाळत घालताना चिमट्यांमध्ये सारखे अंतर असावे, हे त्यांनी प्रात्यक्षिकासह समजावले. "कांदा चिरण्यात तुझा फार वेळ जातो," हे वाक्य ते एकदाच बोलले.

सुरी खाली ठेवून ती म्हणाली होती, "अहो, या घरात एकच साहेब आहे. आणि त्याची बदली होत नाही."

तर असे सगळे झाले होते, आणि ट्रंक भरून पलंगावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांनी तिचे झाकण लावले.

"भरलीच आहेस, तर मुलीकडे जाऊन येतो."

"असं रागावून?"

"रागावलोय कुठं? बरेच दिवस गेलो नाही तिच्याकडे."

"किती दिवस राहणार?"

"बघू."

ती दारापर्यंत आली. सुभेदार सवयीने वळले, तोंड उघडले, आणि त्यांच्या लक्षात आले की मागे ठेवलेले असे काहीच नाही. दाराचे बिजागरसुद्धा कुरकुरत नव्हते.

"मफलर नीट गुंडाळा," ती म्हणाली.

मुलगी एका इस्पितळात परिचारिका होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावरून परतली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे उभे होते आणि दोरीवरच्या कपड्यांना सारख्या अंतरावर चिमटे लावलेले होते. जावई गॅलरीत पेपर वाचत होता. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून तो पान उलटतच नव्हता.

"बाबा," चपला काढत मुलगी म्हणाली, "तुम्ही सुट्टीवर आलात की बदलीवर?"

"तुझा नळ गळत नाही का गं?"

"गळला की नळवाल्याला फोन करते. तासाभरात येतो."

"तासाभरात," सुभेदार म्हणाले. हे त्यांना आवडले नाही.

ती कांदा चिरायला बसली. त्यांना दोन-तीनदा काहीतरी सांगावेसे वाटले, पण त्यांनी स्वतःला आवरले. बराच वेळ नळाची तोटी उगाच उघडबंद करून शेवटी ते म्हणाले,

"तुझ्या आईला आता माझी गरज राहिलेली नाही. दुरुस्त करण्यासारखं घरात काही उरलंच नाही."

मुलीने हसू दाबले. ते त्यांना दिसले.

"हसायला काय झालं?"

"बाबा, आईला गरज होती कधी? वादळात पत्रे उडाले तेव्हा छपरावर कोण चढलं होतं? फ्यूज कोण घालायचं? सगळ्या गल्लीचे स्टोव्ह आपल्याकडे यायचे दुरुस्तीला. शिवणयंत्राच्या खणात पेचकस असतो तिचा. तुमच्या पेटीतल्यापेक्षा चांगला आहे."

सुभेदार नळ सोडून वळले.

"मग ती खुर्ची? वर्षभर लंगडायची ती?"

"तिला हात लावायची सोय नव्हती. मी एकदा शहाणपणा करून पाय दोरीनं बांधला, तर आईनं ओरडून सोडायला लावला. म्हणाली, तुझ्या बाबांची आहे ती."

"माझी खुर्ची?"

"खुर्ची नाही हो. लंगडेपण."

कांदा कढईत पडला आणि चुरचुरला. सुभेदार फळीसमोर जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी मधला एक बुटका डबा उचलून उंच डब्यांच्या मधोमध ठेवून दिला.

जाऊन दोन-चार दिवस झाल्यावर त्यांनी एका सकाळी घरी फोन लावला. जावई तेवढ्यात गॅलरीतून आत आला, आणि सासरेबुवा फोनसमोर सावधान उभे आहेत हे बघून परत गॅलरीत गेला.

"सुट्टी मंजूर होईल का, विचारायचं होतं," सुभेदार म्हणाले.

पलीकडून भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कुणाची?"

"माझी."

"मंजुरी कोण देतं?"

"त्या घरात एकच साहेब आहे, असं ऐकतो."

सुभेदारांनी मिशी एका बाजूने नीट केली, मग दुसऱ्या बाजूने.

"किती दिवसांची हवी?" तिने विचारले.

"साहेब म्हणतील तेवढी."

"या मग. आणि येताना वॉशर घेऊन या. नळ गळायला लागलाय."

"गळायला लागलाय? नवा घातलाय मी."

"मग काय, मी खोटं बोलते? बादली लावलीय खाली. ऐकवू?"

"नको. रबराचा आणू की चामड्याचा?"

"ते तुम्ही ठरवा. तुम्हाला त्यातलं कळतं."

घरी पोहोचले तेव्हा दुपार उतरत आली होती. सुभेदारांनी बाहेरून दाराची मूठ धरली, आणि मूठ हातातच आली. आतून पावले वाजली आणि बायकोने दार उघडले. अंगावर ठेवणीतले कपडे होते. मागे टेबलावर चांगल्या कपबश्या मांडलेल्या दिसत होत्या.

मूठ पुढे करून ते म्हणाले, "हे कधी झालं?"

"परवा. आधी आत या."

ते आत येऊन खुर्चीवर बसले आणि उजवीकडे कलंडता कलंडता वाचले.

"ही पण?"

"जुनी झालीय."

"एकटीच तर होतीस घरात."

"मी जोरात बसते," ती म्हणाली आणि चहा आणायला गेली.

चहात साखर होती. तो पिऊन झाल्यावर सुभेदारांनी बाह्या सरसावल्या आणि पेटी उघडली. आधी नळ झाला. जुना वॉशर काढून त्यांनी उजेडात धरला. तो अगदी कोरा होता, फक्त उलटा बसवलेला. त्यांनी तो खिशात टाकला. मग मूठ झाली. मग त्यांनी खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली.

पायाचे चारही स्क्रू सैल होते. त्यांच्या खाचांवर ओरखडे होते, ताजे, चकचकीत. शेजारी लाकडावर पिठाचा अंगठा उमटला होता, कणीक मळता मळता मधेच उठल्यासारखा. सुभेदारांनी मान वळवून पाहिले. शिवणयंत्राचा खण बोटभर उघडा होता.

स्वयंपाकघरात ती शेंगांची टोपली काढत होती. सुभेदारांनी तो अंगठा बाहीने पुसून टाकला. मग जागचे न उठता पाय लांब करून, टाचेने खण हळूच आत ढकलला.

एक स्क्रू त्यांनी घट्ट आवळला. दुसरा आवळला. तिसराही आवळला. चौथा बोटांनीच थोडा फिरवला आणि पेचकस पेटीत ठेवून दिला.

"झालं का?" टोपली घेऊन ती दारात उभी होती.

"झालं बहुतेक."

तिने खुर्ची सुलटी केली, खिडकीजवळ ओढली आणि बसली. खुर्ची किंचित डगमगली. ती त्यांच्याकडे बघेल असे सुभेदारांना वाटले, पण तिने पाहिले नाही. डावीकडे भार टाकून ती नीट बसली, टोपली मांडीवर घेतली आणि शेंगा सोलू लागली.

थोड्या वेळाने ती गुणगुणू लागली. पेटीचे झाकण लावता लावता सुभेदार थांबले. गाणे तेच होते, ट्रंक भरतानाचे.